वारा अडवण्याआधी वारा ओळखा

आरोग्याच्या पानावर मोटारसायकलच्या काचेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी घरे आज दोन चाकांवर चालतात. ताडीवाला रोड, कासेवाडी, येरवडा, बोपोडी, दांडेकर पूल, कुठेही पहाटे साडेपाचला पाहा. कोणी चाकणला पहिल्या पाळीला निघालेला असतो, कोणी नगर रस्त्याने रांजणगावला. थोडे उजाडले की कुरिअरची आणि जेवणाच्या पार्सलची पोरे बाहेर पडतात. ज्यांच्या अंगावर रोज तासन् तास वारा आदळतो, त्यांच्या मानेचे, कानांचे आणि डोळ्यांचे काय होते, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

अलीकडे यावर एक उपाय सर्रास केला जातो. गाडीच्या पुढे मोठी पारदर्शक काच, म्हणजे विंडशील्ड, बसवायची. आधीची लहान असेल तर ती काढून उंच बसवायची. पुण्यात हे काम अवघड नाही. दिवे, वायरी, चार्जर बुधवार पेठेत तपकीर गल्लीला मिळतात, गाडीचे बाकीचे सामान नाना पेठेत. काच बसते, हजार-दीड हजार रुपये जातात. महिन्याभराने तोच माणूस सांगतो, "छातीवरचा वारा गेला, पण डोके आधीपेक्षा जास्त हलते. कानात घरघर वाढली." मग तो त्याहून उंच काच शोधायला लागतो.

आमचे मत स्पष्ट आहे. वारा अडवणे वेगळे आणि वारा शांत करणे वेगळे. नवी काच घेण्याआधी आहे ती काढून एकदा गाडी चालवून पाहा. त्याला एक पैसा लागत नाही. खिशात जे पैसे आहेत ते आधी हेल्मेटवर आणि कानांवर खर्च करा. काचेचा नंबर त्यानंतर.

बुधवार पेठेत काच फक्त शोभेची

बुधवार पेठेत माल पोचवणाऱ्यांचेच उदाहरण घेऊ. भिडे वाड्यापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत गर्दीच्या वेळी गाडी सरकत असते, पळत नसते. तपकीर गल्लीतून वायरींची बंडले आणि पंख्यांचे खोके मागे बांधून निघालेली दुचाकी ताशी पंधरा-वीसच्या वर क्वचितच जाते. त्या वेगाला वाऱ्याचा त्रास जवळजवळ नसतोच. तिथला त्रास धुराचा, उन्हाचा आणि हॉर्नचा. यातले एकही विंडशील्डने अडत नाही. धूर काचेला वळसा घालून नाकापर्यंत येतोच. दिवसभर पेठांमध्येच फिरणाऱ्याने उंच काच लावली तर ती शोभेची वस्तू ठरते. उलट अरुंद बोळात गाडी वळवताना, पार्किंगमधून काढताना ती आडवी येते.

वाऱ्याचे गणित वेगाबरोबर झपाट्याने बदलते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी २० किलोमीटरच्या जागी ४० केले की चौपट, ८० केले की सोळापट. म्हणून पेठेत जो वारा जाणवतही नाही, तोच वाघोलीच्या पुढे छातीवर बसतो. काच बदलण्याचा विचार करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे की आठवड्यात आपण किती तास ताशी साठच्या वर असतो. उत्तर तासाभराच्या आत येत असेल तर हा खर्च सोडून द्यावा.

थपडा येतात कुठून

मुठेला पाणी सोडले की लकडी पुलावरून खाली पाहावे. खांबाच्या पुढच्या बाजूला पाणी सरळ येते. खांबाच्या मागे मात्र ते गरगरते, भोवरे सुटतात, काडीकचरा तिथल्या तिथे फिरत राहतो. विंडशील्डच्या मागे हवेचे नेमके हेच होते. काचेच्या वरच्या कडेवरून हवा जोरात निसटते. काचेच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो, म्हणून निसटलेली हवा आत ओढली जाते आणि भोवरे तयार होतात. त्या भोवऱ्यांच्या पट्ट्यात चालवणाऱ्याचे डोके आले की हेल्मेटला डाव्या-उजव्या बाजूने थपडा बसतात. नजर थरथरते, मान सतत ताठ धरावी लागते आणि कानात घुमते.

काच नसेल तेव्हा वाऱ्याचा जोर जास्त असतो, पण तो एका दिशेने आणि सारखा येतो. शरीर त्याला टेकून बसू शकते. भोवऱ्यांना टेकता येत नाही, कारण दर क्षणाला त्यांची दिशा बदलते. छातीवरचा वारा गेल्यावरही माणूस जास्त का दमतो, याचे कारण हे आहे.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. अमुक काच चांगली असे कोणी सांगितले म्हणून ती आपल्यालाही चांगली असेल असे नाही. साडेपाच फुटांच्या माणसाचे डोके भोवऱ्यांच्या खाली राहते, पावणेसहा फुटांच्या माणसाचे बरोबर त्यात येते. मागे बसणाऱ्याचाही विचार करावा लागतो. बऱ्याच गाड्यांची मागची सीट थोडी उंच असते. पुढच्याला आराम मिळतो आणि मागे बसलेल्या बायकोचे किंवा आईचे डोके फटके खात राहते. ती काही बोलत नाही, घरी आल्यावर फक्त डोके दुखते म्हणते.

कानाचे नुकसान उशिरा कळते

मान दुखली की लगेच कळते. कानाचे तसे नसते. परदेशातील मोटारसायकल पोलीस आणि इतर चालकांवर झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे की वेग साठ-सत्तरच्या पुढे गेला की हेल्मेटच्या आत इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज मोठा होतो. तो ९० डेसिबलच्या आसपास पोचतो आणि ताशी शंभरला १०० डेसिबलच्या जवळ जातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालेल, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी. म्हणजे ९१ डेसिबलला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. पुण्याहून रांजणगावला रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीवर असणाऱ्याने आपला हिशोब स्वतःच करावा.

आतल्या कानातल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. लहान मुलांचे आणि बायकांचे बोलणे अस्पष्ट होते, स, श, फ ही अक्षरे निसटतात. घरचे म्हणतात, "ह्यांचे लक्षच नसते." रात्री शांत झाले की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. गाडीवरून उतरल्यावर काही वेळ कान बंद झाल्यासारखे वाटत असतील, तर तो इशारा समजावा आणि सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात कान तपासून घ्यावेत.

यावरचा उपाय औषधाच्या दुकानात मिळतो. फोमचे इअरप्लग थोड्या पैशांत येतात. बोटांनी दाबून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर वीस-पंचवीस डेसिबल आवाज कमी होतो. हॉर्न तरीही ऐकू येतो, कारण वाऱ्याची घरघरही तेवढीच खाली आलेली असते. साधा कापूस घालून हा फायदा मिळत नाही. इअरफोन लावून मोठ्याने गाणी ऐकणे हा तर उलटा उपाय आहे, वाऱ्याच्या आवाजात गाण्याचा आवाज मिसळला जातो. इअरप्लग मोकळ्या हमरस्त्यावर वापरावेत, शहरात शिरताना काढून ठेवावेत.

"वारं गेलं" म्हणजे काय

उंच काच घेण्यामागे बऱ्याच घरांत आणखी एक भीती असते. गाडीवर वारा लागून तोंडावरून "वारं जातं", तोंड वाकडे होते, अशी ही समजूत आहे. तोंडाची एक बाजू अचानक लुळी पडण्याचे एक नेहमीचे कारण बेल्स पाल्सी हा आजार आहे. यात चेहऱ्याची नस सुजते आणि त्यामागे बहुधा विषाणूचा संसर्ग असतो. गाडीवरच्या वाऱ्याने तो होतो असे सिद्ध झालेले नाही. गाडी न चालवणाऱ्यांनाही तो होतो. पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांनी योग्य गोळ्या सुरू केल्या तर बरे होण्याची शक्यता वाढते. उघडा राहणारा डोळा मात्र जपावा लागतो.

तोंड वाकडे होणे हे मेंदूच्या झटक्याचे, म्हणजे लकव्याचेही लक्षण असते. सोबत एक हात वर उचलता येत नसेल, बोलणे अडखळत असेल, तर एक मिनिटही थांबू नये. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ ला फोन करा, ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात थेट न्या. मालिश, धूप, अंगारा, वारं उतरवणारा माणूस यांत जो वेळ जातो तो परत मिळत नाही. वाऱ्याला दोष देऊन काच लावली आणि वाढलेला रक्तदाब तपासलाच नाही, असे कोणत्याही घरात होऊ नये.

काच बदलायचीच असेल तर

रोज हमरस्त्यावर जाणाऱ्याला योग्य काचेचा खरोखर उपयोग होतो. थंडीत छाती गारठत नाही, किडे अंगावर आदळत नाहीत, हात-खांदे कमी दुखतात. म्हणून काचेला आमचा सरसकट विरोध नाही. पण क्रम पाळावा.

पहिली पायरी म्हणजे आहे ती काच काढून नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने एक फेरी मारणे. डोके हलायचे थांबले तर दोष काचेचा आहे. तरीही हलत असेल तर सैल हेल्मेट तपासावे. दुसरी पायरी काच लावलेली असताना. रस्ता मोकळा आणि सरळ असेल तेव्हा, दोन्ही हात हँडलवर ठेवूनच, थोडे खाली वाकावे आणि मग पाठ ताठ करून उंच बसावे. खाली वाकल्यावर थपडा थांबल्या तर भोवरे डोक्याच्या उंचीवर आहेत. उंच बसल्यावर थांबल्या तर काच थोडी कमी उंचीची हवी. बहुतेकांना इथेच आश्चर्य वाटते, कारण त्यांना लागणारी काच मोठी नसून लहान असते.

तिसरी पायरी, नवी घेण्याआधी कोन बदलून पाहावा. काच थोडी मागे कलली किंवा खालच्या बाजूने हवेला बोटभर वाट मिळाली की मागचा पोकळ दाब भरून निघतो आणि भोवरे मंदावतात. वॉशर घालून हे गॅरेजमध्ये दहा मिनिटांत होते. तशीच काच एखाद्या मित्राच्या गाडीला असेल तर ती गाडी एक दिवस मागून घ्यावी.

विकत घेताना तीन गोष्टी बघाव्यात. काचेची वरची कड नजरेच्या रेषेच्या खाली असावी. रस्ता काचेवरून दिसला पाहिजे, काचेतून नव्हे. पावसात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी ओरखडलेली काच पांढरी होते आणि पुढचे काहीच दिसत नाही. दुसरे, पॉलिकार्बोनेटची काच सहसा फुटत नाही, हलकी अॅक्रिलिक तडकली की धारदार तुकडे होतात. तिसरे, ती काच हँडलला आवळलेली असेल तर वाऱ्याचा जोर सरळ हँडलवर येतो. शंभर सीसीच्या हलक्या गाडीला, त्यातही मागे मालाचा खोका असेल तर, घाटात आडव्या वाऱ्याने हँडल थरथरू शकते. अशा वेळी ब्रेक जोरात दाबू नये, हँडल घट्ट आवळू नये, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा. काच दिवे, इंडिकेटर किंवा नंबरप्लेट झाकणार नाही हेही बघावे. ती पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसू नये. साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरते.

आधी हेल्मेट

आता मूळ मुद्दा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले ५० हजारांवर होते आणि त्यांत मागे बसलेलेही हजारोंनी होते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब सांगतो की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. कोणतीही विंडशील्ड एवढे देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, विनोद झाले. पण ज्याच्या घरात एकच कमावता आहे, त्याला त्या विनोदात सामील होणे परवडत नाही.

चांगले बसलेले हेल्मेट वाऱ्यावरचाही पहिला उपाय आहे. वाऱ्याचा बराचसा आवाज हेल्मेटच्या खालून, हनुवटी आणि मानेच्या बाजूने आत शिरतो. पूर्ण चेहरा झाकणारे, आयएसआय खुणेचे हेल्मेट घ्यावे. पट्टा लावून ते मागून पुढे ढकलावे. निघून आले तर ते निरुपयोगी आहे. डावी-उजवीकडे हलवल्यावर गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पुण्यात मुली आणि बायका चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून त्यावर हेल्मेट घालतात. जाड गाठ मागे आली की हेल्मेट वर उचलले जाते. पातळ सुती कापड, गाठ न मारता, एवढेच ठेवावे. ओढणीची आणि पदराची टोके आत खोचलेली असावीत. मागच्या चाकात अडकलेली ओढणी वाऱ्याच्या कुठल्याही थपडेपेक्षा भयंकर असते.

हेल्मेटची पारदर्शक काच खाली ठेवली की डोळ्यांचेही रक्षण होते. ऊन, वारा आणि धूळ वर्षानुवर्षे डोळ्यांवर घेणाऱ्यांच्या बुबुळाकडे मांसाचा पडदा सरकताना दिसतो. डोळे लाल राहतात, चुरचुरतात. त्यासाठी कुठलेही थेंब स्वतःच्या मनाने टाकू नयेत.

हा एकट्याचा प्रश्न नाही

कारखान्यात मोठ्या आवाजाने बहिरेपणा आला तर कायद्यात तो नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आज मोबाईलवर ऑर्डर घेऊन दिवसभर गाडीवर असणाऱ्या पोरांना ना तासांची मर्यादा आहे, ना कानाच्या तपासणीची सोय. प्रत्येक ऑर्डरमागे पैसे मिळतात, म्हणून वेग वाढतो, आणि वेगाबरोबर वारा चौपट होतो. विंडशील्डची जाहिरात त्यांना दाखवली जाते. त्यांच्याकडून काम घेणाऱ्या कंपन्यांनी आयएसआय हेल्मेट आणि वर्षातून एकदा कान-डोळ्यांची तपासणी द्यावी, ही मागणी मात्र कोणी करत नाही. ती आपण केली पाहिजे, एकट्याने नाही, संघटनेतून.

आपल्या समाजातही एक गोष्ट बोलायला हवी. एक जानेवारीला कोरेगाव भीमा, वीस मार्चला महाड, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, या दिवसांत तरुण मोठ्या संख्येने दुचाकीवर निघतात. पुण्याहून कोरेगाव भीमा तीस किलोमीटरच्या आसपास आहे. काळजी घेतली तर दुचाकीवर जाण्यासारखे आहे. मुंबईची गोष्ट वेगळी. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या रस्त्याने बोरघाट उतरावा लागतो. डिसेंबरच्या थंडीत, रात्री, झोप नसताना, मागे दोघे बसवून आणि हेल्मेट नसताना केलेला तो प्रवास कोणत्याही काचेने सुरक्षित होत नाही. त्या दिवसांत रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी आहे. दादरला जाणाऱ्यांनी तिथेच बसावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. अभिवादन करून परत घरी येणे हेही तितकेच महत्त्वाचे.

प्रत्येक वस्तीत एखादा तरी मेकॅनिक असतो आणि एखादी तरी नर्सताई किंवा आशाताई असते. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या आवारात दोन तास काढावेत. मेकॅनिकने काचा सैल आहेत का, ओरखडलेल्या आहेत का, हे पाहावे, ज्याला हवी त्याची काढून फेरी मारायला द्यावी. नर्सताईंनी चाळिशीपुढच्यांचा रक्तदाब घ्यावा. बाकीच्यांनी एकमेकांची हेल्मेट मागून ढकलून बघावीत. जी निघून येतील ती बदलावीत, आणि ज्या घरात एकच हेल्मेट आहे तिथे दुसरे आणण्यासाठी, काचेसाठी बाजूला ठेवलेले पैसे वापरावेत.